वढावकरांचा अर्धा चहा

कोलशेतच्या खाडीकाठी चित्रकार बाळ वढावकरांचं घर आहे. त्यात खोल्या तीन, खिडक्या सात, कौलांखाली पंखे दोन आणि त्यातला फिरणारा एक. भिंतींवर चित्रं एकवीस. एका बरणीत कुंचले बत्तीस, दुसरीत नऊ. चष्मे दोन, कोल्हापुरी चपलांचा जोड एक, छत्री एक, तीही मोडलेली. घर सांभाळणाऱ्या न्यासाच्या छापील यादीप्रमाणे एकूण वस्तू एकशे चौदा. रसिका तांबेनं त्या रविवारी त्या दोनदा मोजल्या. पहिल्यांदा एकशे चौदा भरल्या, दुसऱ्यांदा एकशे तेरा. दोन मोजण्यांच्या मध्ये अकरा मिनिटं गेली होती, आणि त्या अकरा मिनिटांत तिची शेवंतीमावशी पदर खोचून, मोरीत उकिडवी बसून, वस्तू क्रमांक सदतीस काथ्यानं घासत होती.

हे असं एकदम सांगितलं की मावशीवर अन्याय होतो, म्हणून दोन पावलं मागून सुरुवात केलेली बरी.

रसिका डोंबिवलीची. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाल्यापासून ती अंबरनाथच्या एका प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासायची, आणि जे मोजता येतं तेच खरं, असं तिचं साधं मत होतं. वढावकरांनी उभं आयुष्य खाडीचा चिखल रंगवण्यात घालवलं, आणि तोही तीनच ट्यूबा वापरून, असं तिच्या वाचनात आलेलं. तीन रंगांतून चिखलाच्या छटा किती निघतात, एवढं तिला मोजायचं होतं. एक वही, एक पेन्सिल, पिशवीत भांड्याची खोली मोजायचं व्हर्नियर आणि दोन तास. बेत एवढाच होता.

पण सोसायटीत कुणाचाही बेत जिना उतरेपर्यंत एकट्याचा राहत नाही. पहिल्या मजल्यावर प्रभाकरकाका होते. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून ते लोकांना रस्ते सांगण्याचं काम विनावेतन करत.

"कोलशेतला निघालीस? उत्तम. रविवारी घोडबंदर रोडला चिटपाखरू नसतं," ते म्हणाले. "फक्त गाडी कापूरबावडीवरून घे. माझं नाव सांग."

"कुणाला सांगू, काका?"

"कुणालाही. सांगून ठेवायला काय जातं?"

दुसरी अडचण घरातच होती. शेवंतीमावशी खडवलीहून डोळे तपासायला म्हणून काही दिवसांसाठी आली होती. डोळे उत्तम निघाले होते, आणि त्या उत्तम डोळ्यांनी तिनं रसिकाला एकटीला चपला घालताना पाहिलं.

"मेलेल्या माणसाच्या घरी पोरीनं एकटीनं जाऊ नये."

"मावशी, ते म्युझियम आहे."

"घरच ना पण? माणूस गेलाय ना? मग झालं तर. थांब, मी लुगडं बदलते."

रिकाम्या हातानं जाणं शक्यच नव्हतं. गोड न्यावं तर दुखवट्याच्या घरी गोड नेत नाहीत. वढावकरांना जाऊन बावीस वर्षं झाली होती, तेव्हा दुखवटा संपला असं धरायचं की नाही, यावर मावशीची आणि रसिकाच्या आईची पाऊण तास चर्चा झाली. शेवटी पोह्याच्या पापडांचं एक पुडकं घ्यायचं ठरलं, कारण पापड तिखट असतो आणि कोणत्याही प्रसंगाला चालतो. त्यानंतर दोघी टॅक्सीनं निघाल्या आणि कापूरबावडीला पन्नास मिनिटं उभ्या राहिल्या. प्रभाकरकाकांचं नाव सांगावं असं कुणी तिथं दिसलं नाही.

घर दोन तीस-तीस मजली इमारतींच्या मधोमध बसलं होतं. दारात खाकी शर्टातला एक साठीचा माणूस किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभा होता. हा दगडू भोईर. वढावकर होते तोवर त्यांच्याकडे चौदा वर्षं कामाला, आणि ते गेल्यावर बावीस वर्षं त्याच घराचा रखवालदार.

"चपला भायेर," तो म्हणाला. मग पुडक्याकडे बघून, "यो काय?"

"पापड. तुमच्या घरच्यांसाठी," मावशी म्हणाली.

घरचे कोण, हा प्रश्न दगडूला पडला असावा. पण बाहेरची वस्तू नोंदीशिवाय आत घ्यायची नाही असा नियम होता, म्हणून त्यानं अभ्यागतांच्या वहीत रसिकाच्या सहीखाली लिहिलं: पापड, एक पुडकं, आवक. मग ते खिशातल्या किल्लीनं कपाटात बंद केलं. रसिकाला हा माणूस तिथंच आवडला.

वस्तू क्रमांक सदतीस मधल्या खोलीत, खिडकीपाशी, छोट्या टेबलावर होती. निळ्या काठाची पांढरी कपबशी. शेजारी पाटी: "चित्रकारांचा अखेरचा चहा. ९ फेब्रुवारी २००३. कृपया स्पर्श करू नये." कपात चहा अर्थातच नव्हता, तो केव्हाच उडून गेला होता. उरलं होतं ते आतल्या बाजूला एक तपकिरी वलय आणि तळाशी वाळलेली साय.

मावशीनं पाटी मोठ्यानं वाचली. मग पुन्हा वाचली.

"बावीस वर्षं?" ती म्हणाली. "बावीस वर्षं त्या माणसाचं खरकटं कुणी उचललं नाही?"

रसिका शेजारच्या खोलीत कुंचले मोजत होती, आणि मोजताना तिला ऐकू येत नाही. दगडू पाण्याची मोटर लावायला मागं गेला होता. मावशीच्या बाजूनं सांगायचं तर खडवलीला अशी समजूत आहे, आणि डोंबिवलीतही ती बरीच आहे, की गेलेल्या माणसाचं शेवटचं ताट-भांडं तसंच राहू देऊ नये, जीव घोटाळत राहतो. पाटीवर स्पर्श करू नये असं लिहिलं होतं हे खरं. पण तिच्या मते ती सूचना पाहुण्यांना होती, आणि मावशी कुणाच्याही घरी पाच मिनिटांच्या वर पाहुणी राहूच शकत नाही.

रसिका मोरीपाशी पोचली तेव्हा कपबशी कट्ट्यावर पालथी निथळत होती. अशी लख्ख की तिच्यात खिडकी दिसत होती.

"झालं बाई," मावशी हात पुसत म्हणाली. "सुटला बिचारा."

दगडू तेवढ्यात आला. त्यानं कप पाहिला, मावशीकडे पाहिलं, पुन्हा कप पाहिला. तो ओरडला असता तर रसिकाला बरं वाटलं असतं. तो मोरीच्या उंबऱ्यावर बसला.

"त्यो चहा मी केलेला," तो म्हणाला. "सायेब रोज अर्धा प्यायचे, अर्धा इसरायचे. चित्रात डोकं गेलं का चहा गेला. चौदा वर्सं मी रोज अर्धा चहा मोरीत वोतला. येकच दिवस धुवायचा रायला. तवा गारी आलेली, दवाखान्याची."

मावशीचा हात पदरातच थांबला.

"आनि आता अठ्ठावीस तारखंला तपासनी हाय," दगडू पुढं म्हणाला. "दर सालाला मॅडम येतान, सगला मोजतान. कशात घट दिसली तर रखवालदार बदली. कागदावर लिवलंय तसं. मना आता या वयात कोन ठेवल, ताय?"

त्या दिवशी नोव्हेंबरची दोन तारीख होती. म्हणजे सव्वीस दिवस. परतीच्या वाटेवर मावशी हात मांडीवर ठेवून नुसती बसून राहिली, आणि अशी अवस्था खडवलीत तिच्या लग्नानंतर कुणी पाहिली नव्हती.

मंगळवारी रसिकानं अर्धी रजा टाकली आणि ती न्यासाच्या ठाण्यातल्या कार्यालयात गेली. चूक आपली आहे, ती आपण सांगावी, लिहून द्यावी आणि विषय संपवावा, असा तिचा सरळ हिशोब होता. कार्यालय एका जिन्याखाली होतं आणि तिथं साईनाथ नावाचे एक तरुण, नम्र आणि अत्यंत पद्धतशीर गृहस्थ बसत.

"वस्तू फुटली का?" त्यांनी फॉर्म पुढं ओढून विचारलं.

"नाही."

"हरवली?"

"नाही."

"चोरी, वाळवी, आग?"

"नाही. धुतली."

साईनाथनी पेन खाली ठेवलं. "धुतली म्हणजे स्वच्छ झाली."

"हो."

"मॅडम, हा हानीचा फॉर्म आहे. स्वच्छता हानीत कशी घालू? उद्या कुणी विचारलं, न्यास स्वच्छतेच्या विरोधात आहे का, तर मी काय उत्तर देऊ?"

"पण त्यातला डाग गेला ना! डाग हेच तर त्या वस्तूचं महत्त्व होतं."

हे त्यांना पटलं. त्यांनी कपाटातून नोंदवही काढली, तिच्यावरची धूळ झटकली (रसिकाला उगाचच मावशी आठवली) आणि सदतीस क्रमांकाचं पान उघडलं. तिथं गेल्या वर्षीची नोंद होती: आतील बाजूस तपकिरी वलय, तळापासून उंची १९ मिमी.

कुणीतरी हे मोजलं होतं. रसिकाच्या मनात त्या अज्ञात व्यक्तीबद्दल एकदम आदर दाटून आला.

"मग आता ती उंची शून्य," साईनाथ म्हणाले. "म्हणजे घट एकोणीस. आणि कलम नऊ: मागील नोंदीपेक्षा घट आढळल्यास रखवालदाराची नेमणूक संपुष्टात येईल."

"अहो, पण चूक आमची आहे. मी लिहून देते."

"अभ्यागताच्या चुकीला रकाना नाही. अभ्यागत चुकणारच, असं गृहीत धरूनच रखवालदार ठेवलाय." ते खरंच हळहळले. "मी काही करू शकलो असतो तर केलं असतं. तुम्ही असं करा ना, एकोणीस मिलिमीटर आणा."

ते सहज बोलून गेले होते. पण रसिकाला आकडा सांगितला की ती आदेश समजते.

तिनं कल्याणच्या बाजारातून साधारण त्याच घाटाचे सहा कप आणले. प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवली: चहापत्ती इतके ग्रॅम, दूध इतके मिलिलिटर, साखर इतकी, तारीख, वेळ. व्हर्नियरनं मोजून प्रत्येकात बरोबर एकोणीस मिलिमीटर चहा भरला आणि सहाही कप बाल्कनीच्या कट्ट्यावर वाळत ठेवले. ज्याचा डाग नोंदवहीतल्या जुन्या फोटोतल्या डागाशी जुळेल, तो चहा दगडूभाऊंना कळवायचा.

पहिल्या दिवशी सोसायटीतल्या बायका खालून बाल्कनीकडे बघत उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी कुणीतरी कुजबुजलं की तांब्यांकडे सहा कप मांडलेत, चिठ्ठ्या लावून, काहीतरी बाहेरचं असणार. तिसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली: "उघड्यावर पेय ठेवल्याने झुरळे होतात. संबंधितांनी नोंद घ्यावी." संबंधित कोण हे सगळ्यांना माहीत होतं, तरी दोघा-तिघांनी येऊन रसिकाला ती सूचना वाचून दाखवली.

प्रभाकरकाका मात्र मदतीला आले. ते रोज सकाळी कपांची पाहणी करत.

"दूध म्हशीचं घे. दोन हजार तीन साली म्हशीचं असायचं."

"काका, घनता वेगळी पडेल."

"तेच म्हणतोय मी. आणि गवती चहा घातलास का? कलावंत माणूस, गवती चहा घेणारच. आमच्या खात्यात एक पेटी वाजवणारे होते, ते घ्यायचे."

चौथ्या दिवशी तीन क्रमांकाच्या कपात पांढरी लव उगवली. पाचव्या दिवशी एक क्रमांकात मुंग्यांनी इतकी साखर नेली की रसिकाला त्या नमुन्याचा निकाल वहीत लाल शाईनं रद्द करावा लागला. पण दोन आणि पाच क्रमांक सुरेख चालले होते. पाचचं वलय तर असं रेखीव होतं की तिनं त्याचा फोटो प्रयोगशाळेतल्या बाईंनाही पाठवला. बाईंनी उत्तरादाखल विचारलं, तब्येत बरी आहे ना?

आठव्या दिवशी ती कामावरून आली तेव्हा बाल्कनीचा कट्टा मोकळा होता. सहाही कप स्वयंपाकघरात, चढत्या क्रमानं, पालथे.

रसिकानं पिशवी खाली ठेवली. तिनं नुसतं मावशीकडे पाहिलं.

"अगं, मी भाजी धुवायला गेले," मावशी म्हणाली, "आणि हात... हात आपोआप गेला गं! मी बघितलंच नाही काय धुतेय ते. दिसलं खरकटं, घासलं. पन्नास वर्षं हेच केलंय मी. पाचवा धुताना आठवलं."

"मग सहावा का धुतलास?"

"एकच कशाला ठेवायचा?"

रसिका त्या रात्री जेवली नाही. हा राग होता की शास्त्रीय निषेध, हे तिचं तिलाच ठरवता येईना. पण खरी नाचक्की झाली ती मावशीची. दुसऱ्या दिवशी जिन्यात तळमजल्यावरची अमृता हसत म्हणाली, "मावशी, आमचे पण दोन आहेत हो बेसिनमध्ये!" पार्किंगमधले लोकही हसले. मावशी घरात आली, पिशवी भरायला लागली, आणि अर्ध्यातच थांबली.

"मला खडवलीला नाही जायचं," ती म्हणाली. "मला त्या दगडूभाऊंकडे ने. केलंय मी, तर तोंडही मीच दाखवते."

सोळा तारखेच्या रविवारी दोघी पुन्हा कोलशेतला आल्या. तपासणीला बारा दिवस उरले होते. चहा वाळायला लागतात नऊ ते दहा, हे आठ दिवसांच्या नोंदींवरून रसिकानं काढलं होतं. म्हणजे चहा आजच व्हायला हवा होता. तिनं येताना दूध आणलं होतं, अर्धा लिटर, गाईचं, आणि वहीत पाच क्रमांकाची कृती.

दगडूनं ती कृती शांतपणे वाचली आणि परत दिली.

"ताय, यो चहा नाय. यो रंग हाय," तो म्हणाला. "चहा मी करतो. मना म्हायती हाय त्यांचा."

त्यानं स्टोव्ह पेटवला, पातेल्यात पाणी टाकलं, पत्ती मुठीनं घातली. रसिकानं किती ग्रॅम असं विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्यानं कप नेहमीसारखा काठोकाठ भरला आणि टेबलावर ठेवला.

"आता एकोणीसपर्यंत काढून घेऊ," रसिका म्हणाली.

"काढायचा नाय. कोनीतरी प्यायला पायजे. पिऊन इसरायला पायजे. वरून काढलं तर त्यो डाग सरल येतो, वठाचा नाय येत."

हे शास्त्रीयदृष्ट्या बरोबर होतं, आणि आपल्याला ते सुचलं नाही याचं रसिकाला वाईट वाटलं. मग तिनंच कप उचलला. एक घोट, मोजणी. एक घोट, मोजणी. सव्वीसवर आल्यावर तिनं अगदी छोटा घोट घ्यायचं ठरवलं आणि घाबरून मोठा घेतला. चौदा.

दगडूनं कप धुतला आणि पुन्हा भरला. तो स्वतः पिणार नव्हता. सायबांच्या कपाला त्यानं कधी ओठ लावला नव्हता, आज लावणार नव्हता. मग मावशीची पाळी. मावशीनं कप घेतला, फुंकर मारली आणि दोन मिनिटांत तळ दाखवला.

"मावशी! अर्धा ठेवायचा होता!"

"टाकायचा कसा पण? अन्न आहे ते!"

दगडूनं दुधाची पिशवी उलटी करून पिळली. एक कप होईल एवढंच निघालं. जवळचं दुकान रविवारी दुपारी बंद. तिसरा चहा आला तेव्हा तिघंही त्याच्याकडे बघत उभे राहिले.

"मावशी, तूच पी," रसिका म्हणाली. "पण अर्ध्यावर मी थांब म्हणेन तेव्हा थांब."

मावशी खुर्चीत बसली. अपराधी माणूस बसतो तशी, कडेवर. दोन घोट घेतले. थांबायचं आहे हे विसरू नये म्हणून ती मुद्दाम दुसरीकडे बघत होती, आणि समोर भिंतीवर एक चित्र होतं. लांबच लांब करडा चिखल, वर तेवढंच करडं आकाश. चिखलात पावलांची एक रांग पाण्याकडे गेलेली. बस.

"ही बाई परत नाही आली?" मावशी म्हणाली.

"कोन बाई?"

"ही काय, पावलं आहेत ना. बाईचीच आहेत, ओझं घेऊन चाललेली. टाच कशी रुतलीय बघा. जाताना दिसतात, येताना एकही नाही."

दगडू चित्रापाशी आला. बावीस वर्षं त्यानं त्या चित्रावरची धूळ झटकली होती.

"ती माझी आय," तो म्हणाला. "ओहोटीला जायची निवटे धरायला. चिखलातलं मासं. येताना बांधावरून यायची, भरती लागायची ना. सायेब खिरकीतून बघायचे."

"मग ओझं कसलं जाताना? मासे तर येताना."

"टोपलीत माझा धाकला भाऊ असायचा. घरी ठेवनार कोनाजवल?"

"अगं बाई. आणि चिखलात पाय सरकला म्हणजे?"

"येकदा सरकलेला."

"मग?"

मग दगडूनं ते सांगितलं. त्याच्या आईनं टोपली डोक्यावर तशीच धरून कमरेपर्यंत चिखलात अर्धी भरती काढली होती, आणि भाऊ वर झोपलेलाच होता. मावशीनं खडवलीच्या नदीला आलेल्या पुरात तिच्या जाऊबाईंनी पाटा कसा वाचवला ते सांगितलं. मधेच ती उठून चित्राजवळ गेली, बोटानं हवेत टाचा मोजू लागली. तेरा निघाल्या. चौदावी अर्धी होती. रसिकाही मोजायला गेली आणि तिला त्या चिखलात करड्याच्या सतरा छटा सापडल्या. अठरावी आहे की नाही यावर ती अडली, तेव्हा तिला आठवलं की आपल्याला कुणाला तरी थांब म्हणायचं होतं.

तिघांनी एकदम टेबलाकडे पाहिलं. चहा थंड झाला होता. वर साय धरली होती. अर्ध्याच्या जरा खाली की वर, ते दुरून कळत नव्हतं.

रसिकाचा हात व्हर्नियरकडे गेला.

"नाय ताय," दगडू म्हणाला. "आता हात नाय लावायचा. हालला तर दुसरा वलय येल."

तेही बरोबर होतं. रसिकानं व्हर्नियर पिशवीत परत ठेवलं. तिच्या शैक्षणिक आयुष्यात एवढं अवघड काम तिनं केलेलं नव्हतं.

मावशीचं त्याहून अवघड होतं. आपलं उष्टं तसंच टाकून, तेही गेलेल्या माणसाच्या टेबलावर, तिला दाराबाहेर पडायचं होतं. ती उंबऱ्यापर्यंत आली, परत वळली, पदर खोचला, आणि सोडला.

"दगडूभाऊ," ती म्हणाली, "मुंग्या येऊ देऊ नका हो."

"टेबलाचे पाय पान्यात ठेवतो, बाय."

पुढचे बारा दिवस मावशी खडवलीहून रोज संध्याकाळी दगडूला फोन करायची. साय बसली का? लव तर नाही ना आली? दगडू "हाय", "नाय", "वालतंय" एवढंच सांगायचा, पण फोन पहिल्या घंटीला उचलायचा. घरी परतल्यापासून तिनं स्वतःच्या मोरीतलं एकही भांडं नजरेआड होऊ दिलं नव्हतं, असं मावशीच्या सुनेनं कळवलं. प्रभाकरकाकांनी निकाल लागेपर्यंत फलकावरची झुरळांची सूचना काढू नये असं सेक्रेटरींना सुचवलं. ते कशासाठी, हे कुणाला समजलं नाही.

अठ्ठावीस तारखेला शुक्रवार होता. रसिका रजा घेऊन आली, मावशी पहाटेची निघून आली. दगडूनं इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि किल्ल्यांचा जुडगा कंबरेला न लावता टेबलावर काढून ठेवला होता. जायची वेळ आलीच तर काढून द्यायला नको.

तपासणीच्या सोनल मॅडम वयानं रसिकाएवढ्याच होत्या. त्यांच्या हातात नोंदवही, कानामागं पेन आणि बॅगेत पोलादी पट्टी. त्यांनी कुंचले मोजले, चष्मे मोजले, छत्री उघडून मोडलेल्या काड्या मोजल्या. रसिकाला त्यांच्या मागून चालताना फार बरं वाटत होतं. मधल्या खोलीत येताच तिनं आपलं पत्र पुढं केलं. त्यात सगळं होतं: कप कुणी धुतला, केव्हा, कशानं, आणि आताचा डाग कुणाच्या चहाचा आहे. फसवून काही करायचं नाही हे तिनं आणि दगडूनं आधीच ठरवलं होतं.

सोनल मॅडमनी पत्र पूर्ण वाचलं. मग मावशीकडे पाहिलं.

"तुम्ही धुतलात?"

"हो बाई. आणि प्यालेही मीच."

"साखर किती होती?"

"जरा जास्तच होती," मावशी म्हणाली. "पण चहा चांगला होता."

दगडू भिंतीकडे बघत होता.

सोनल मॅडमनी पत्राला टाचणी लावली आणि नोंदवहीत जोडलं. "हे वर जाईल, वाचतील तेव्हा वाचतील," त्या म्हणाल्या. "मला मोजायला पाठवलंय."

त्यांनी खिडकी उघडली. उजेड कपात पडला. चहा पूर्ण उडून गेला होता, तळाशी साय वाळली होती, आणि वर एक वलय होतं. एका बाजूला थोडं उंच, जिथं ओठ लागतो तिथं. मॅडमनी पोलादी पट्टी उभी धरली, एक डोळा मिटला, तीन ठिकाणी मोजलं, तिन्हींची सरासरी काढली. मग पेन काढून, सदतीस क्रमांकाच्या पानावर, गेल्या वर्षीच्या ओळीखाली लिहिलं:

वलयाची उंची, एकवीस मिलिमीटर. वाढ, दोन. घट, शून्य.